कॅशची एक सैल चिप आणि एम. जी. रोडवरचे काका

बाबांनी पिंपळगावच्या द्राक्षबागेचे हिशेब ज्या जुन्या 486 कॉम्प्युटरवर ठेवले, त्यात मी डीएक्स2-66 प्रोसेसर काढून एएमडीचा 5x86-133 बसवला. बोर्डवरचा व्होल्टेजचा जंपर (सेटिंग बदलायची छोटी टोपी) 5 वरून 3.45 व्होल्टवर घेतला, मल्टिप्लायरचा (बोर्डच्या वेगाच्या किती पट चालायचं ते ठरवणारा) 2 वर ठेवला, कारण ही चिप त्यालाच 4 समजते. कॉम्प्युटर सुरू झाला, पण डॉस लोड होताना हिमेम (डॉसचा मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम) मेमरीची चूक दाखवून थांबायचा. बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्स्टर्नल कॅश (बोर्डवरची छोटी वेगवान मेमरी, म्हणजेच एल2) बंद केली की चालायचा, पण रखडत.

एका ठिकाणी "भंगारात द्या" असं ऐकून घेतलं. फार लागलं. मग एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीतल्या काकांच्या या छोट्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

काकांनी आधी एल1 (प्रोसेसरच्या आतली कॅश) राइट-बॅकवरून राइट-थ्रूवर, म्हणजे प्रत्येक बदल लगेच मेमरीत लिहिण्यावर, आणून पाहिली. फरक नाही. म्हणाले, "बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्डमधल्या मार्गाचा, वेग आधीही 33 मेगाहर्ट्झ, आताही 33. एल2 वर ताण वाढलेला नाही, म्हणजे काहीतरी हललंय." भिंग लावून 256 केबीच्या आठ चिपा पाहिल्या, मग शेजारची टॅगची (कॅशमध्ये कुठला डेटा आहे त्याची नोंद ठेवणारी) नववी. तिचा एक पाय सॉकेटमधून अर्धा वर आलेला, काळपटलेला. जुना प्रोसेसर उपटताना मीच बोर्ड वाकवला होता. काकांनी नवाही चिपांचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, टॅगची चिप अंगठ्याने हळू दाबली. कट्ट आवाज आला.

सहाशे रुपये घेतले. दुपारी दुकान बंद असतं, फोनही उचलत नाहीत, तेव्हा संध्याकाळीच जा. बोर्ड घेऊन बिनधास्त जा. बाबांची 1996 सालची छाटणीची मजुरी परवा पुन्हा स्क्रीनवर पाहिली.