ट्रायप्लाय स्टीलचा ५ लिटर कुकर: मोठ्याचं मटण आणि पास्ता एकाच भांड्यात

मोठ्याचं, म्हणजे म्हशीचं, मटण आणि पास्ता एकाच भांड्यात करायचा बेत कुकरची जेवढी परीक्षा घेतो, तेवढी वरण-भात वर्षभरात घेत नाही. आधी तापल्या बुडावर मांस खरपूस परतायचं, मग टोमॅटोच्या आंबट रसात अर्धा तास प्रेशरवर शिजवायचं, मग झाकण काढून त्याच रसात पास्ता उकळायचा आणि शेवटी सगळं आटवून दाट करायचं. कामं चार, भांडं एक. संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा लातूरच्या गंजगोलाईत कुकर मागितला की दुकानदार तीन प्रकार पुढे ठेवतो: साधा ॲल्युमिनियमचा, काळा हार्ड ॲनोडाइज्ड (ॲल्युमिनियमवर कडक थर चढवलेला) आणि स्टीलचा. या चार कामांना ट्रायप्लाय स्टीलचा ५ लिटर कुकर सगळ्यांत बरा उतरतो. पण तो कसा वापरायचा हे माहीत नसेल तर पहिल्याच दिवशी बूड करपतं आणि दोष कुकरला जातो.

ट्रायप्लाय म्हणजे आत स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर चुंबक धरणारं स्टील, आणि हे तिन्ही थर बुडापासून काठापर्यंत. ॲल्युमिनियम उष्णता स्टीलच्या जवळपास पंधरापट वेगानं पसरवतं, म्हणून मधला थर महत्त्वाचा. दुकानात ‘सँडविच बॉटम’ नावाचा स्वस्त स्टीलचा कुकरही मिळतो. त्याच्या फक्त बुडाला जाड चकती डकवलेली असते आणि बाजूचा पत्रा नुसता स्टीलचा असतो. चकती जिथे संपते तिथे गॅसची ज्वाळा थेट पातळ पत्र्यावर लागते आणि पास्ता नेमका त्या गोल रेघेवर चिकटतो. घेताना कुकर उलटा करून बघा: बुडाला चकतीचा काठ दिसला तर तो ट्रायप्लाय नव्हे, दुकानदार काहीही म्हणो. आणि आयएस २३४७ क्रमांकासह आयएसआय शिक्का नसलेला कुकर घेऊच नका. घरगुती कुकरला हे मानक आता सक्तीचं आहे.

साध्या ॲल्युमिनियममध्ये टोमॅटो अर्धा तास शिजला की रसाला धातूची चव येते आणि भांडं आतून काळवंडतं. हार्ड ॲनोडाइज्डमध्ये ती अडचण नाही, तापतोही छान. त्याचा एकच तोटा, पण या पदार्थासाठी मोठा: काळ्या बुडावर मसाला तांबूस झालाय की जळालाय ते दिसत नाही. स्टीलच्या पांढऱ्या बुडावर रंग उघड दिसतो.

माप ५ लिटरचंच का? ५०० ग्रॅम मांस, ३०० ग्रॅम पास्ता, चार टोमॅटो, दोन कांदे आणि रस मिळून सव्वादोन लिटरच्या आसपास जातं. कुकर एरवी दोन तृतीयांशपर्यंत भरता येतो, पण फेसाळणारा पदार्थ असेल तर निम्म्याच्या वर जाऊ नये. ३ लिटरच्या कुकरमध्ये हे बसतं, पण पास्ता ढवळायला जागा राहत नाही आणि फेस काठावरून ओट्यावर येतो.

आता मांसाचं. महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीनंतर गायीबरोबर बैल आणि वळूही कत्तलबंदीत आले, त्यामुळे इथे बीफ म्हणजे म्हशीचं, कुणी मोठ्याचं म्हणतं, कुणी बडे का. परदेशी पाककृतींमधलं चरबीदार बीफ डोळ्यापुढे ठेवून वेळ लावली तर फसगत होते. म्हशीच्या मांसात चरबी कमी आणि धागा जाड. नुसत्या रानाचे (मांडीचे) तुकडे घेतले तर ते शिजूनही कोरडे लागतात. दस्त (खांदा) किंवा सीना (छाती) मागा, ज्यात पांढरे पडदे असतात. त्या पडद्यांतलं कोलॅजन शिजून जिलेटिन होतं आणि रसाला अंगचा दाटपणा येतो, साय किंवा मैदा घालावा लागत नाही. तुकडे दोन सेंटिमीटरचे करून घ्या. त्याहून मोठे केले तर पास्त्याच्या घासाबरोबर येत नाहीत, चमच्यावर एक मांस आणि एक पास्ता असं वेगवेगळं खावं लागतं.

परतणं इथे निम्मी चव ठरवतं आणि बहुतेक घरांत तिथेच गडबड होते. मांस धुतल्यावर फडक्यानं कोरडं करा. रिकामा कुकर मध्यम आचेवर तीन मिनिटं तापवा आणि पाण्याचा थेंब टाकून बघा. तो चर्र होऊन उडून गेला तर अजून थांबायचं, पाऱ्यासारखा गोळा होऊन पळायला लागला की तीन चमचे तेल घालायचं. करडईचं तेल मराठवाड्यातल्या घरात असतंच, या कामाला उत्तम. मांस दोन हप्त्यांत घाला. ५०० ग्रॅम एकदम टाकलं तर बूड थंड होतं, मांस पाणी सोडतं आणि परतण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात राखी रंगाचं उकडतं. टाकल्यावर तीन मिनिटं हात लावायचा नाही. स्टीलला मांस आधी चिकटतं, तांबूस झालं की आपणहून सुटतं. सुटत नसेल तर ते व्हायचं आहे एवढाच त्याचा अर्थ. उलथन्यानं खरडणाऱ्यांचा स्टीलवर राग असतो, तो इथूनच.

मांस काढून त्याच तेलात २०० ग्रॅम बारीक कांदा सात-आठ मिनिटं, मग दीड चमचा आलं-लसूण, एक चमचा काळा मसाला, अर्धा चमचा हळद. बुडाला लागलेला तांबूस थर टोमॅटो घातल्यावर त्याच्या पाण्यानं सुटतो. तो लाकडी उलथन्यानं पूर्ण घासून काढा, एक कणही बुडाला ठेवू नका. प्रेशरखाली हाच थर जळतो आणि सगळा रस कडू करतो. चार पिकलेले टोमॅटो (सुमारे ३५० ग्रॅम) गळेपर्यंत परता, मांस परत घाला, एक कप पाणी आणि दीड चहाचा चमचा मीठ. मीठ पाणी तापल्यावरच घालायचं. थंड पाण्यात टाकलेलं मीठ तळाशी बसून स्टीलला बारीक खड्डे पाडतं. कुकरच्या वयाला त्यानं फरक पडत नाही, पण खड्डे जात नाहीत.

शिट्ट्या मोजू नका. ‘सात शिट्ट्या’ कुणाच्या, मोठ्या बर्नरच्या की बारीक आचेच्या? पूर्ण प्रेशर आल्यावर आच मंद करा आणि घड्याळ लावा: म्हशीच्या तुकड्यांना २५ मिनिटं, जनावर जून असेल तर ३५. बकऱ्याचं मटण असेल तर १२ ते १५. खिम्याला शिट्टी झाल्यावर पाच मिनिटं पुरे. मग प्रेशर आपोआप उतरू द्या, साधारण दहा-बारा मिनिटं लागतात. नळाखाली धरून उतरवलं तर धागे आखडतात आणि अर्ध्या तासाची मेहनत चावायला लागते. इथे कुकरला पर्याय नाही, कारण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या संभाजीनगरात उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तर प्रेशरमध्ये ते १२० पर्यंत चढतं. उघड्या पातेल्यात हेच मांस दोन तास घेईल आणि सिलिंडर बोंब मारेल.

पास्ता मात्र प्रेशरमध्ये शिजवू नका. आंतरजालावर ‘दोन शिट्ट्यांत पास्ता’ म्हणणारे भरपूर आहेत. होतो, पण पिठाचा फेस शिट्टीच्या नळीत जाऊन अडकतो, आणि नळी बंद झालेला कुकर काय करतो ते सेफ्टी वॉल्व्ह उडाल्यावर कळतं. शिवाय मिनिटभर चुकलं की लगदा. झाकण बाजूला ठेवा.

आता खरा हिशेब द्रवाचा. झाकण काढल्यावर रस मापून घ्या, अंदाजानं नको, कारण टोमॅटो आणि मांस किती पाणी सोडतात ते दर वेळी वेगळं असतं. तुकडे बाजूला काढा, रस मापाच्या भांड्यात ओता आणि एकूण ८०० मिलिलिटर होईल इतकं उकळतं पाणी मिसळा. हे ३०० ग्रॅम पास्त्यासाठी. यातलं साडेतीनशेच्या आसपास पास्ता पितो, दोनशेच्या आसपास वाफ होते, उरलेला दाट रस्सा. थंड पाणी घातलं तर उकळी येईपर्यंत पास्ता भिजत पडतो आणि बाहेरून चिकट, आतून कच्चा राहतो. रस उकळला की पास्ता घाला, तुकडे अजून बाहेरच. पहिली तीन मिनिटं सतत ढवळायचं, कारण पिठाचा थर तेव्हाच सुटतो आणि पास्त्याचे तुकडे एकमेकांना तेव्हाच धरतात. नंतर दर दोन मिनिटांनी तळापासून एकदा. पाकिटावर ९ मिनिटं लिहिली असतील तर इथे १२-१३ धरा: रस दाट आहे आणि पाणी शंभराच्या खाली उकळतंय. शेवटच्या तीन मिनिटांत मांस परत घाला, नाहीतर ढवळण्यात त्याचा चुरा होतो.

इथे ट्रायप्लायचा पैसा वसूल होतो. मंद आचेवर दाट, पिठाळ रस बारा मिनिटं रटरटतो आणि बूड लागत नाही. पातळ ॲल्युमिनियममध्ये बर्नरच्या गोलाएवढी काळी चकती उमटते. ज्यांच्याकडे जुनाच कुकर आहे त्यांनी या टप्प्यावर खाली जाड लोखंडी तवा ठेवावा. फार वेळ वाचत नाही, पण पास्ता वाचतो.

पास्ता पेने (तिरक्या कापाच्या नळ्या) किंवा शंखाच्या आकाराचा घ्या. स्पॅगेटी कुकरच्या खोल भांड्यात ढवळता येत नाही, गुंता होतो. पाकिटावर ड्युरम गहू किंवा ड्युरम सुजी लिहिलेलं हवं. ड्युरम म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू, ज्याचा रवा उपम्याला मोकळा होतो, त्याच गुणानं पास्ताही आकार धरून राहतो. मैद्याचा सुटा पास्ता या पद्धतीत दहाव्या मिनिटाला खीर होतो. उकळून पाणी ओतून देणाऱ्या पद्धतीत तो कसाबसा तरतो, कारण सुटलेलं पीठ पाण्याबरोबर जातं. इथे ते सगळं भांड्यातच राहतं. टोमॅटोच्या आंबटपणाचा मात्र फायदा आहे: बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्यात पास्ता जास्त पीठ सोडतो, आंबट रसात कमी.

येसर घालायचा मोह होईल, आणि चव खरंच जमते. पण येसरात भाजलेल्या धान्याचं पीठ असतं. ते सुरुवातीला घातलं तर तळाशी बसून नक्की करपतं. एक मोठा चमचा येसर पाव वाटी पाण्यात कालवून अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी घाला. चीज घालणाऱ्यांनी गॅस बंद केल्यावर घालावं, उकळत्या आंबट रसात ते फाटून दाणेदार होतं. खाली उतरवताना रस्सा थोडा पातळच वाटला पाहिजे. पाच मिनिटांत पास्ता तो ओढून घेतो.

पाण्याचा मुद्दा मराठवाड्यात वेगळा सांगावा लागतो. रीतसर पास्ता उकळायला १०० ग्रॅमला एक लिटर, म्हणजे ३०० ग्रॅमला तीन लिटर पाणी लागतं आणि त्यातलं बहुतेक मोरीत जातं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे ही रीत न शोभणारीच. इथे अख्खा पदार्थ एक लिटरच्या आत होतो आणि घासायला एक कुकर, एक झाकण.

तोटेही आहेत. कुकर जड आहे. भरलेला एका हातानं उचलू नका, हँडलचे स्क्रू महिन्याला एकदा आवळा. क्षाराच्या पाण्यानं आतून पांढरे आणि जास्त तापवल्यानं निळसर-सप्तरंगी डाग पडतात. दोन्ही लिंबू किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्याला एक उकळी दिली की जातात. तारेची घासणी लागत नाही. झाकण कोणतं, यावर मतं आहेत. हॉकिन्ससारखं आत बसणारं झाकण प्रेशर असताना उघडतच नाही, ही मोठी सोय; पण अंडाकृती झाकण तिरकं करून काढताना त्याला लागलेला रस ओट्यावर ठिबकतो आणि तोंडाचा आतला काठ उलथन्याला आडवा येतो. प्रेस्टिजच्या जुन्या ठेवणीसारखं बाहेरून बसणारं झाकण असेल तर तोंड पूर्ण मोकळं मिळतं. पास्ता ढवळायचाच असेल तर बाहेरचं झाकण सोयीचं, नुसतं मटणच करायचं तर आतलं.

किंमत साध्या ॲल्युमिनियमच्या दुपटीच्या घरात जाते. महिन्यातून एकदा पास्ता करणाऱ्या घरानं त्यासाठी जुना कुकर मोडीत काढू नये, तवा आहेच. आठवड्याला दोनदा मटण शिजत असेल तर घ्यावा. आणि घेतानाच त्याच कंपनीची एक जादा रबरी रिंग मागून घ्या: मोठ्याच्या मटणाचा वास रिंगेत मुरतो, साबणानं जात नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या वरणाला तो येतो. मटणाची रिंग वेगळी, वरणाची वेगळी.