एकाच साच्यातली मॉड्यूल्स: आठ महिने वापरल्यावर

"मॅडम, चौथ्या मॉड्यूलची क्विझ कुठाय?" हा मेसेज मला इतक्या वेळा यायचा की त्याचं उत्तर मी फोनमध्ये साठवूनच ठेवलं होतं. क्विझ होती. पीडीएफच्या खाली, 'सराव' नावाने. तिसऱ्या मॉड्यूलमध्ये तिचंच नाव 'स्वाध्याय' होतं आणि दुसऱ्यात 'स्वतःला तपासा'. सुचली तेव्हा तिन्ही नावं मला भारी वाटली होती.

प्राथमिक संख्याशास्त्राचा बारा मॉड्यूल्सचा, म्हणजे बारा धड्यांचा, कोर्स मी मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) चालवते. आठ महिन्यांपूर्वी तो सगळा उसवून एका साच्यात बसवला, त्यावर दोन बॅचेस झाल्या. हा अनुभव त्या साच्याचा आहे, मूडलचा नाही. साचा तसा साधाच: वर तीन-चार ओळी, म्हणजे हे मॉड्यूल संपल्यावर तुम्हाला काय करता येईल आणि साधारण किती वेळ लागेल. मग व्हिडिओ, वाचन, सराव, चर्चा, चाचणी. क्रम ठरलेला, नावंही ठरलेली.

'कुठाय'वाले मेसेज दुसऱ्या आठवड्यापासूनच आटले. मूडलच्या ४.० आवृत्तीपासून (एप्रिल २०२२) डावीकडे कोर्सची अनुक्रमणिका दिसते. नावं एकसारखी झाली तेव्हा कुठे ती माझ्या कोर्समध्ये कामाची ठरली. आता येणारे प्रश्न वेगळे असतात: "यादीतला सगळ्यात मोठा आकडा दुप्पट केला तरी मध्यक का हलत नाही?" असल्या प्रश्नाला उत्तर लिहायला मला कधीच कंटाळा येत नाही.

पण साच्याची खरी किंमत मला कळली ती पहिल्या बॅचमधल्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्यामुळे. तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. त्यात 'एच' हे बटण दाबलं की कर्सर थेट पुढच्या शीर्षकावर उडी मारतो. त्याने स्क्रीन शेअर करून दाखवलं: पहिल्या मॉड्यूलमध्ये टक, टक, टक, तीन उड्यांत सरावापर्यंत. तिसऱ्यात 'एच' दाबला आणि सॉफ्टवेअर म्हणालं, पुढे शीर्षकच नाही. शीर्षक तर मला डोळ्यांसमोर दिसत होतं! मी ते नुसतं ठळक करून अक्षरं मोठी केली होती, 'हेडिंग' ही शैली दिलीच नव्हती. डोळ्यांना दोन्ही मॉड्यूल्स एकसारखी, त्याच्यासाठी मात्र तिसऱ्याला दारच नाही. त्या रात्री बारा मॉड्यूल्सची शीर्षकं पुन्हा केली. नेव्हिगेशनचा क्रम सगळीकडे तोच हवा आणि एकाच कामाच्या गोष्टीला सगळीकडे एकच ओळख हवी, हे दोन्ही निकष वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीत २००८ पासून आहेत. मी ते वाचलेही होते. वाचणं वेगळं आणि तो शोधत असलेलं शीर्षक त्याला न सापडताना समोर बघणं वेगळं.

आता माझ्या चुका. पहिली, आकड्यांची. विचलनाच्या आधी उजळणीचं एक मॉड्यूल घालावंसं वाटलं म्हणून चौथ्या-पाचव्याच्या मध्ये सरकवलं. झालं! पुढच्या प्रत्येक शीर्षकाचा, प्रत्येक सूचनेचा आकडा चुकला. मजकूर तासाभरात दुरुस्त झाला, पण व्हिडिओत मी तोंडाने म्हणून बसले होते, "सहाव्या मॉड्यूलमध्ये पाहिलं तसं." ते कसं खोडणार? सात व्हिडिओ पुन्हा रेकॉर्ड केले. आता आकडा फक्त मॉड्यूलच्या नावात असतो. बोलताना मी "प्रमाण विचलनात पाहिलं तसं" एवढंच म्हणते. फाइलींची नावंही आता ०१, ०२ अशी. नुसता १ लिहिला की बऱ्याच ठिकाणी १०, ११, १२ हे २ च्या आधी येऊन बसतात.

दुसरी चूक तारखांची. तयार असाइनमेंटची प्रत काढणं सोपं, म्हणून मी एक नीट बनवून तिच्याच प्रती काढत गेले. प्रतीबरोबर जुनी मुदतही येते हे डोक्यातच नव्हतं. नवव्या मॉड्यूलची असाइनमेंट उघडायच्या आधीच 'मुदत संपली' दाखवायला लागली. शिवाय दोन ठिकाणी नावाच्या शेवटी कंसातला 'कॉपी' हा शब्द तसाच राहिलेला. विद्यार्थ्यांनी त्यावरून माझी बरीच फिरकी घेतली, आणि ते बरोबरच होतं. आता तारीख फक्त सेटिंगमध्ये असते, सूचनेच्या मजकुरात कधीच नाही, म्हणजे प्रत काढल्यावर ती एकाच जागी बदलायची.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या अभ्यासात (२०१४) सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ लोक जास्त टिकून पाहतात असं दिसलं होतं. ते वाचून मी घड्याळ लावून व्हिडिओ कापले. उदाहरण अर्धवट, पुढचा भाग दुसऱ्या व्हिडिओत! आता एक व्हिडिओ म्हणजे एक प्रश्न. कधी चार मिनिटं, एकदा अकराही झाली.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र साच्याबद्दलच आहे. रकाना दिसला की तो भरावासा वाटतो. चिन्हांच्या ओळखीच्या मॉड्यूलमध्ये चर्चेसारखं काय असणार? तरी मी चर्चा ठेवली, कारण साच्यात होती. तिथे तीन पोस्ट आल्या. दोन "छान मॅडम" आणि एक चुकून पडलेली. उद्दिष्टांचंही तेच. "सरासरी समजून घेणे" अशा धाटणीचं काहीतरी बाराही ठिकाणी ठोकून दिलं होतं. समजलं की नाही हे चाचणीत मोजणार कसं? "दिलेल्या माहितीसाठी सरासरी घ्यावी की मध्यक हे ठरवून कारण सांगता येईल" असं लिहिल्यावर चाचणीतला प्रश्न आपोआप समोर आला, आणि वाचनातली दोन पानं निरुपयोगी आहेत हेही कळलं. दुसऱ्या बॅचला मी पाच मॉड्यूल्समधून चर्चा काढून टाकली. एकानेही विचारलं नाही की चर्चा कुठे गेली. क्रम मात्र हलवला नाही. जे आहे ते त्याच्या ठरलेल्या जागीच.

दोन-तीन सत्रांची छोटी कार्यशाळा घेणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये, एक नीट पान पुरतं. आठ-दहा मॉड्यूल्स असतील आणि तोच कोर्स पुन्हा चालवायचा असेल तर आधी एकच मॉड्यूल पूर्ण बांधा, कोर्स पहिल्यांदा पाहणाऱ्या कुणाला तरी द्या आणि बाजूला गप्प बसा. मी बाराही एकदम बांधली आणि मग बाराही दुरुस्त केली.

एक गोष्ट अजून अडली आहे. 'सराव'ला गुण नसतात, 'चाचणी'ला असतात, तरी दर बॅचला दोघं-तिघं सराव सोडवून चाचणी झाली असं धरून चालतात. पुढच्या बॅचला 'बिनगुणांचा सराव' असं नाव ठेवून बघणार आहे. कानाला कसंतरीच वाटतं, पण असू दे.