ड्राइव्हचे अ‍ॅनालॉग आउटपुट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या मसाल्याच्या कारखान्यात मिक्सरच्या 7.5 किलोवॉट मोटरवर बसवलेल्या व्हीएफडीला (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हला) आता आठ महिने झाले. मोटर चालवण्याच्या कामात त्याने एकदाही त्रास दिला नाही. डोके खाल्ले ते त्याच्या 0 ते 10 व्होल्टच्या अ‍ॅनालॉग आउटपुटने, म्हणजे ड्राइव्ह आपली फ्रिक्वेन्सी किंवा करंट व्होल्टच्या रूपात बाहेर कळवतो त्या सिग्नलने.

पहिल्याच आठवड्यात ड्राइव्हच्या कीपॅडवर 50 हर्ट्झ, तर पीएलसीच्या (हा सिग्नल वाचणाऱ्या नियंत्रक संगणकाच्या) पडद्यावर 41.7 हर्ट्झ दिसू लागले. टर्मिनलवर मल्टिमीटर लावला, तेव्हा 8.33 व्होल्ट मिळाले. पीएलसीत आम्ही 10 व्होल्ट म्हणजे 50 हर्ट्झ धरले होते, पण ड्राइव्हच्या लेखी 10 व्होल्ट म्हणजे पॅरामीटरमध्ये भरलेली कमाल फ्रिक्वेन्सी, आणि ती मुळातच 60 होती.

करंटचे गणित अधिक फसवे निघाले. तेच आउटपुट फ्रिक्वेन्सीऐवजी मोटरचा करंट दाखवायला लावल्यावर 3.2 व्होल्ट येत होते, आणि 10 व्होल्ट म्हणजे मोटरच्या 14.5 अँपिअर रेटिंगच्या दुप्पट (200 टक्के) असे समजून आम्ही 9.3 अँपिअर लिहीत होतो. क्लॅम्प मीटर मात्र 11 च्या आसपास दाखवत होता. येथे 200 टक्के हे मोटरच्या नव्हे, तर ड्राइव्हच्या 17 अँपिअर रेटिंगचे आहेत, म्हणजे फुल स्केल 34 अँपिअर. तसे धरले की 3.2 व्होल्टचे 10.9 अँपिअर होतात. त्यातही मिक्सर रिकामा फिरत असताना 1.6 व्होल्ट येतातच, कारण चुंबकीय क्षेत्र टिकवण्यासाठी इंडक्शन मोटर भार नसतानाही बराच करंट घेते. त्यामुळे व्होल्ट निम्मे झाले म्हणून भारही निम्मा झाला, असे मानता येत नाही. हे कळेपर्यंत ‘अर्धा घाणा’ ओळखण्यासाठी लावलेली आमची मर्यादा चुकीचीच होती.

पीएलसीवरचा आकडा सतत वर-खाली हलण्याचाही त्रास होता; तो शिल्डेड केबल टाकून तिचे शिल्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) एकाच टोकाला अर्थ केल्यावर आणि फिल्टरचा वेळ थोडा वाढवल्यावर बराच कमी झाला. तरीही 0 व्होल्ट म्हणजे मोटर थांबली की तार तुटली, हे पीएलसीला समजत नव्हते. म्हणून आता आउटपुट 4 ते 20 मिलिअँपिअरवर घेऊन 500 ओहमच्या रेझिस्टरवर 2 ते 10 व्होल्ट वाचतो; मोटर थांबली तरी 2 व्होल्ट असतातच, त्यामुळे आकडा 2 च्या बराच खाली गेला की अलार्म वाजतो.

ड्राइव्ह चांगला आहे, पण कोणत्या पॅरामीटरला 10 व्होल्ट म्हणजे किती, हे सांगणारा तक्ता मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत दडलेला आहे. तो आम्ही हाताने लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला आहे.