पोस्टडॉक शोधताय? पोर्टलवर अर्ज की थेट पीआयला मेल

पीएचडीची थीसिस सबमिट करायची वेळ आली की ज्युनिअर्स पोस्टडॉकबद्दल, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीबद्दल, हमखास हेच विचारतात, नेचर करिअर्स, युराक्सेस वगैरे नोकरीच्या पोर्टल्सवर जाहिराती बघून अर्ज टाकत बसायचं का आवडलेल्या लॅबच्या पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुखाला, सरळ मेल टाकायचा. मी दोन्ही करून बघितलंय, सध्या अमेरिकेत पोस्टडॉक करतोय, फील्ड सेल बायोलॉजी. इकॉलॉजीवाल्यांचा अनुभव वेगळा असू शकतो हे आधीच सांगतो.

जाहिरातीचा मोठा फायदा म्हणजे जागा खरंच आहे आणि पैसे मंजूर आहेत हे कळतं. जर्मनीत तर पगाराची श्रेणीपण लिहिलेली असते, बहुतेक टीव्ही-एल ई13. कधीकधी माणूस आधीच ठरलेला असतो आणि जाहिरात फक्त नियमापुरती, पण ते बाहेरून कळायला काही मार्ग नाही, सोडून द्या.

माझं डोकं फिरलं ते रेफरन्स लेटरवरून, म्हणजे शिफारसपत्रांवरून. बऱ्याच युनिव्हर्सिटी पोर्टलवर तुम्ही सबमिट दाबलं रे दाबलं की तिन्ही रेफरींना ऑटोमॅटिक मेल जातो, तुमचा सीव्ही कुणी उघडायच्याही आधी. प्रत्येक पोर्टलची लिंक वेगळी, लॉगिन वेगळं, वर सरांनी (माझ्या पीएचडी गाईडनी) टिकमार्क करायचे की हा विद्यार्थी टॉप 5 टक्क्यांत की टॉप 10, आणि ती लिंक निम्म्या वेळा स्पॅममध्ये. मग सरांचा व्हॉट्सॲप, "अरे ही अजून एक कुठली आली?" आपण तिकडे डेडलाइनच्या आदल्या रात्री "सर, प्लीज जरा बघता का" करत बसायचं. ज्या माणसाकडून अजून एका पेपरचं रिव्हिजन करून घ्यायचंय त्याची गुडविल अशी उडवायची, तीपण इंटरव्ह्यूचा पत्ता नसताना? मला ते झेपेना.

थेट मेलमध्ये रेफरन्स शेवटी येतात. झूम कॉल होतो, लॅबसमोर टॉक होतो, दोघांनाही पटलं की मग पीआय स्वतः सरांशी बोलतो. उत्तरं कमी येतात हे मान्य, पण जी येतात ती माणसाची असतात. मेल छोटा ठेवा, त्यांच्या ताज्या प्रीप्रिंटमधल्या (जर्नलमध्ये छापण्याआधी ऑनलाइन टाकलेल्या पेपरमधल्या) एखाद्या फिगरबद्दल दोन ओळी आणि आपण त्यात काय करू शकतो ते. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली मोटिव्हेटेड" वाचायला कुणाला वेळ नाहीये.

मेलच्या आधी एक काम मात्र कराच, पैसे बघा. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची एनआयएच रिपोर्टर नावाची साइट फुकट आहे, पीआयचं नाव टाकलं की कुठली ग्रँट, वर्षाला किती, कधी संपते सगळं दिसतं. आर01 (एनआयएचची लॅबला मिळणारी मुख्य ग्रँट) सात-आठ महिन्यांत संपणारी असेल आणि दुसरं काही दिसत नसेल तर कॉलवर रिन्यूअलचं सरळ विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जर्मनीसाठी डीएफजी या तिथल्या संशोधन निधी संस्थेची गेप्रिस नावाची साइट आहे, पण त्यात रक्कम दिसत नाही.

युरोपात जायचं असेल तर मेलचं पारडं अजूनच जड, कारण मारी क्युरी फेलोशिप काय किंवा एम्बो फेलोशिप काय, होस्ट लॅब, म्हणजे आपल्याला घ्यायला तयार असलेली लॅब, आधी लागते. मारी क्युरीची डेडलाइन साधारण सप्टेंबरात असते आणि प्रपोजल पीआयसोबत बसून लिहावं लागतं, म्हणून एप्रिल-मेमध्येच मेल गेलेला बरा. एम्बोला वर्षभरात कधीही अर्ज करता येतो.

भारतातच राहायचं असेल तर प्रोजेक्टमधल्या आरएच्या (रिसर्च असोसिएटच्या) जागांना जाहिरात आणि इंटरव्ह्यू चुकत नाही, तिथे माझं म्हणणं लागू नाही. आरए-1 ला 2023 पासून महिन्याला 58,000 रुपये अधिक एचआरए आहे. पण एन-पीडीएफ (सरकारची नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप) भरणार असाल तर मेंटरची संमती आधी लागते, म्हणजे संस्था आयसर असो नाहीतर एनसीसीएस, पहिला मेल तुम्हालाच टाकायचाय.