पायथनच्या कर्सेसमधला मेनू: काही महिने वापरल्यावर, आणि मुख्यतः त्या एस्केपबद्दल

काल परत तेच झालं. टीममधल्या एकाने लॉगच्या मेनूत एस्केप दाबलं, काही हललं नाही म्हणून पुन्हा दाबलं, आणि एकाऐवजी दोन पायऱ्या मागे जाऊन थेट बाहेर पडला. वर मलाच सुनावलं, "तुझा मेनू अडकतो रे." अडकत नाही बाबा, वाट बघतो. अख्खा एक सेकंद.

मेनू पायथनच्या कर्सेसवर (टर्मिनलच्या पडद्यावर हवं तिथे लिहू देणारी लायब्ररी) लिहिलाय, आणि नेहमीचाच आहे: सर्व्हिस रीस्टार्ट, लॉग, बॅकअप, आणि प्रत्येकाच्या पोटात आणखी मेनू. आधी बॅश शेलच्या सिलेक्टवर (क्रमांकांची यादी छापून निवड विचारणारी आज्ञा) भागवत होतो. पण यादी वर सरकून दिसेनाशी झाली की रिकामा एंटर मारून ती पुन्हा छापून घ्या, हे किती दिवस करायचं? व्हिपटेल (टर्मिनलमध्ये डायलॉगच्या चौकटी दाखवणारं साधन) दिसायला बरं, पण निवडलेलं उत्तर नेहमीच्या आउटपुटऐवजी स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या संदेशांच्या वाटेवर टाकतं, त्यामुळे प्रत्येक हाकेला या दोन वाटांची अदलाबदल. एफझेडएफ (टाईप करत करत यादी गाळून देणारं साधन) यांच्यात सगळ्यात उजवं, यात वाद नाही. पण ते प्रत्येक सर्व्हरवर चढवायचं म्हणजे परवानग्या मागत फिरा. कर्सेस पायथनसोबतच येतं (विंडोज सोडून), एक फाईल कॉपी केली की काम झालं. माझ्या चिक्कूपणाला तेच परवडलं.

बाकी तक्रारी किरकोळ. स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात शेवटचं अक्षर लिहिलं की एरर येते. अक्षर छापलं जातं आणि वर एररही येते, हा काय प्रकार आहे देव जाणे. कर्सेसचं रॅपर फंक्शन मात्र न चुकता वापरा. प्रोग्रॅम मधेच कोसळला तरी टर्मिनल जागेवर येतं, नाहीतर टर्मिनल ताळ्यावर आणायला आंधळेपणाने 'एसटीटीवाय सेन' ही आज्ञा टाईप करत बसाल.

आता एस्केप. बाणाचं बटण दाबलं की टर्मिनल एक बाइट पाठवत नाही. आधी २७, मग ओ, मग ए किंवा बी. आणि एस्केप बटण नुसतं २७ पाठवतं. ही १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलच्या काळातली रीत. म्हणजे २७ आला की पुढे काही येतंय का, हे थांबून बघण्यावाचून एनकर्सेसकडे (पायथनच्या कर्सेसमागची मूळ लायब्ररी) दुसरा मार्ग नाही. थांबणं पटलं, पण डीफॉल्ट १००० मिलिसेकंद? आजच्या मशीनवर? हा वेळ बदलायला पायथन ३.९ पासून सेट_एस्कडिले हे फंक्शन आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी एस्कडिले हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. मी सरळ २५ केला. एस्केप दाबताक्षणी मेनू मागे! पुढचे काही आठवडे हे डीफॉल्ट ठेवणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

मग एकजण संथ कनेक्शनवरून एसएसएचने (लांबून सर्व्हरवर लॉगिन करून) आला. लॉगच्या मेनूत त्याने खालचा बाण दाबला, आणि बॅकअप सुरू झाला. बाइट वाटेत सुटे झाले होते. २७ आला, २५ मिलिसेकंदांत पुढचं काही आलं नाही, म्हणून तो एस्केप धरून मेनू एक पायरी मागे गेला. मागून आलेल्या ओ ला कोणी विचारलं नाही. आणि बी हा मुख्य मेनूत बॅकअपचा शॉर्टकट! त्या दिवसापासून त्या १००० बद्दल माझं मत बरंच मऊ झालंय. टेलिफोन लाईनवरून टर्मिनल चालवणाऱ्यांना सेकंदभर थांबणं जड वाटलं नसणार.

सध्या १५० वर ठेवलंय. शॉर्टकट सगळे लहान लिपीत केलेत, कारण बाणांचे क्रम मोठ्या ए, बी, सी, डी वर संपतात. सुटे झाले तरी काही चालू होणार नाही. टीमक्समध्ये (एका टर्मिनलात अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्रॅम) बसलात तर त्याचा स्वतःचा एस्केप-टाइम वेगळा असतो, जुन्या आवृत्त्यांत ५०० मिलिसेकंद. तो तिथल्या कॉन्फिगमध्येच कमी करावा लागतो, माझा मेनू त्यात काही करू शकत नाही. कालचा गडी नेमका तिथलाच, शिवाय त्याच्याकडे मेनूची जुनी कॉपी.

कर्सेस सोडणार नाही, फुकटात एवढं कोण देतं? फक्त खालच्या सूचनेच्या ओळीतून एस्केप काढून टाकलंय. मागे जायला 'क्यू' दाबा. एकच बाइट आहे, लगेच जातो.