आधी मोजतात, मग बदलतात: कुर्टीचं गॅरेज आणि माझी जुनी एस्टीम

कुर्टीहून खांडेपारकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गॅरेज आहे. पत्र्याची शेड, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा, बाहेर फणसाचं झाड. तुमच्याकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वीची इंजेक्शनची पेट्रोल गाडी असेल आणि पाय दिला की ती क्षणभर अडखळत असेल, तर ती तिथे न्या. हे मी अगदी मनापासून सांगतोय. नव्या गाड्यांची सर्व्हिस सेंटरं गोव्यात जागोजागी आहेत, जुन्या गाड्यांचे पार्ट बदलून देणारेही पुष्कळ आहेत. नेमका दोष शोधून काढणारा माणूस मात्र मला फोंडा तालुक्यात हा एकच भेटला.

माझी गाडी २००४ ची मारुती एस्टीम, १२९८ सीसी, एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनची. मी हार्मोनियमवाला. जत्रांचा हंगाम लागला की सावईवेरे, केरी, शिरोडा, कधी पार वाळपईच्या पलीकडे, संगीत नाटकांना आणि भजनांना साथ करायला जाणं असतं. जत्रेतलं नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि भैरवी होईपर्यंत कोंबडे आरवायला लागतात. एस्टीमच्या डिकीत पेटी, तबला-डग्गा आणि पखवाज असं सगळं एकमेकांवर न रचता बसतं. त्यामुळे ही गाडी विकायचं मनात येत नाही, आणि पहाटे रानातल्या रस्त्यावर तिने दगा द्यावा हेही परवडत नाही.

दुखणं असं होतं: गतिरोधकावरून गाडी उतरली, दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच पाय दिला की इंजिन एकदम मरगळायचं, पेट्रोल तोडल्यासारखं. मग झटका देऊन गाडी पुढे. बाणस्तारीला रांगेत रखडताना हे सारखं व्हायचं. इंजिनचा दिवा कधीच पेटला नाही. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी प्लग नवे झाले, पेट्रोल फिल्टर नवा झाला, इंजेक्टर साफ झाले, थ्रॉटल बॉडी, म्हणजे पाय दिला की उघडणारी हवेची झडप, धुऊन झाली. अडखळणं होतं तिथेच. शेवटी तिथून सांगण्यात आलं की आता टाकीतला फ्युएल पंप बदलावा लागेल. आमच्या तबलजीने मला कुर्टीचा पत्ता दिला तो तेव्हा.

मिस्त्री साठीच्या आसपासचे. आधी कार्बोरेटरवर हात बसलेला, मग इंजेक्शन शिकलेले. मी पंपाचं सांगितलं तर त्यांनी बोनेटही उघडलं नाही. प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली आणि विचारायला लागले. मास्तर, थंड इंजिनला जास्त अडखळते की तापल्यावर? पावसात वाढतं का? एसी लावल्यावर? फर्मागुढीच्या चढावर पाय पूर्ण दाबला तर नीट ओढते का?

या शेवटच्या प्रश्नावर मी जरा थांबलो, कारण पूर्ण दाबल्यावर गाडी छान ओढत होती. मिस्त्रींनी तिथेच सांगितलं की पंपावर त्यांचा संशय कमी झाला. पंप थकला असेल तर सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं तेव्हा, म्हणजे चढावर पूर्ण थ्रॉटलला, गाडी आधी मार खाते. जी गाडी फक्त पाऊल टेकवल्यावर अडखळते आणि पुढे मोकळी पळते, तिचा दोष थ्रॉटल जेमतेम उघडण्याच्या त्या जागी शोधायचा. थंड असतानाच अडखळली असती तर कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरकडे बघितलं असतं, कारण इंजिन थंड आहे हे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला कळलं नाही तर तो जास्तीचं पेट्रोल सोडत नाही. पावसात वाढलं असतं तर प्लगच्या वायरींकडे. इतके पैसे घालूनही हे प्रश्न मला तोवर कोणी विचारले नव्हते.

तरी त्यांनी पंप गृहीत धरून सोडून दिला नाही. "पयलीं पळोवया, मागीर बदलूया," म्हणजे आधी बघूया, मग बदलूया, हे त्यांचं बोलणं आणि तसंच काम. फिल्टरच्या पुढच्या लाइनमध्ये प्रेशर गेज बसवला, त्याची लांब नळी बोनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज काचेवर चिकटपट्टीने लावला आणि मला शेजारी बसवून फर्मागुढीचा चढ चढवला. आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, काटा अडीच बारच्या जवळ. पाय दाबला की तीनकडे. गाडी अडखळली त्या क्षणीही काटा जागचा हलला नाही. पंप निर्दोष आहे हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. टाकी उतरवायचा सगळा खर्च तिथेच वाचला.

मग हवेची गळती. इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, व्हॅक्यूम गेज लावला, काटा एकोणीस इंचांवर (पाऱ्याच्या) स्थिर. समुद्रसपाटीजवळ धडधाकट इंजिनाला आयडलला सतरा ते बावीस इंच व्हॅक्यूम मिळावं असं त्यांनी सांगितलं. गॅस्केटच्या कडेने, रबरी नळ्यांवर कार्ब क्लीनरचे बारीक फवारे मारले. कुठे चीर असती तर तो फवारा आत ओढला गेला असता आणि आयडल बदललं असतं. मी कान लावून उभा होतो. पेटीचा भाता कुठे फुसफुसतोय हे शोधण्यात माझी हयात गेली, आणि हेही मला तसंच वाटलं. आवाज तसूभर बदलला नाही.

स्कॅनरचं इथेच सांगतो, कारण त्यावरून लोकांचे पैसे जातात. भाच्याने मला मोबाइलला जोडायचा ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर दिला होता. तो माझ्या गाडीशी बोललाच नाही. मिस्त्री म्हणाले, बोलणारच नाही. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायची व्यवस्था, सक्तीची झाली ती बीएस-४ या प्रदूषण नियमांच्या काळात, २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत. त्याआधीच्या गाड्यांत ज्या-त्या कंपनीची भाषा. जुन्या मारुतीत डायग्नोसिस कनेक्टरमधली दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडली की इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. त्यांनी जोडली. दिवा एकदा लुकलुकला, थोडं थांबून दोनदा. बारा. बारा म्हणजे सगळं ठीक, एकही दोष नोंदलेला नाही.

पण अडखळणं तर होतं. यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

थ्रॉटलच्या दांड्याला एक छोटा सेन्सर असतो, थ्रॉटल पोझिशन सेन्सर. आत कार्बनचा पट्टा आणि त्यावरून सरकणारा एक संपर्क, रेडिओच्या जुन्या व्हॉल्यूमच्या बटणात असतो तसाच. पाच व्होल्ट आत जातात आणि थ्रॉटल उघडेल तसं अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत चढत जाणारं व्होल्टेज बाहेर येतं. पाय दिल्या दिल्या हवा लगेच आत घुसते. तिच्या जोडीला त्याच क्षणी जास्तीचं पेट्रोल सोडायला हवं. कार्बोरेटरमध्ये हे काम अ‍ॅक्सिलरेटर पंप करायचा, इथे कॉम्प्युटर करतो, आणि तो मुख्यतः या सेन्सरच्या भरवशावर. शहरात, रांगेत गाडी चालवताना थ्रॉटल सगळा वेळ त्याच थोड्या उघड्या जागी असतो. वीस वर्षांत पट्टा नेमका तिथेच झिजतो. त्या जागी सिग्नल क्षणभर तुटतो, कॉम्प्युटरला वाटतं पाय काढला, हवा आलेली असते आणि पेट्रोल येत नाही. गाडी मरगळते. पुढे पट्टा चांगला असतो म्हणून पुन्हा पळते.

दिवा का पेटत नाही याचंही उत्तर यातच आहे. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर काही काळ टिकलं तरच कॉम्प्युटर दोष नोंदवतो. पापणी लवण्याइतका खंड त्याच्या हिशेबात धरला जात नाही. आकड्यांच्या डिजिटल मीटरवरही तो सहसा दिसत नाही, कारण आकडा बदलायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. मिस्त्रींनी कपाटातून काट्याचा जुना मल्टिमीटर काढला. इग्निशन चालू, इंजिन बंद. मला म्हणाले, तुम्हीच फिरवा, अगदी सावकाश. मी थ्रॉटल बोटाने हळूहळू उघडत गेलो. काटा चढत होता, चढत होता, आणि एका जागी धपकन खाली पडून परत वर आला. मागे घेतला, पुन्हा तिथेच पडला. आठवड्यामागून आठवडे जे पायाला जाणवत होतं ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

त्याच बैठकीत बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या आणि कॉम्प्युटरच्या अर्थिंगपर्यंत व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट वाया जातात ते, मोजला. चालू इंजिनावर ०.३ व्होल्ट निघाला. ०.१ च्या आत हवा. खारी हवा आणि आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस, अर्थिंगच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढलेला होता. जो सेन्सर अर्ध्या व्होल्टवर हिशेब सांगतो त्याच्यासाठी ०.३ चा फरक मोठा. त्यांनी टोकं घासून साफ केली, पेट्रोलियम जेली लावली आणि मला पुन्हा एक चक्कर मारायला पाठवलं. आयडल थोडं सुधारलं होतं, अडखळणं कायम होतं. दोन्ही कामं एकदम केली असती तर कशाने काय झालं हे कळलं नसतं, म्हणून एका वेळी एकच बदल. ही शिस्त मला फार आवडली. आवाज बिघडलेल्या पेटीत मीही एका वेळी एकच स्वर काढतो.

सेन्सर फोंड्यात मिळाला नाही, मडगावातही नाही. बेळगावहून ओरिजिनल मागवावा लागला आणि त्यात वेळ गेला. स्वस्तातला, बिनकंपनीचा इथे लगेच मिळत होता. तो लावायला मिस्त्रींनी साफ नकार दिला. असे सेन्सर थोड्याच दिवसांत पुन्हा खंड मारतात हा त्यांचा अनुभव. नवा बसवताना बंद थ्रॉटलवरचं व्होल्टेज मोजून मगच स्क्रू आवळले, आणि परत काट्याने सगळी चाल तपासली. काटा एका दमात वर गेला. त्यानंतर फर्मागुढी, मंगेशी, बाणस्तारी, परत. गाडी कुठेही अडखळली नाही.

बिल हाताने लिहिलेलं, आणि मी ते जपून ठेवलंय. त्यावर पेट्रोलचं प्रेशर, व्हॅक्यूम, अर्थिंगचा ड्रॉप साफ करण्याआधीचा आणि नंतरचा, सगळं लिहून दिलंय. पुढच्या वेळी काही बिघडलं तर कुठल्याही मिस्त्रीला हे आकडे उपयोगी पडतील. निदानाचे त्यांनी ८०० रुपये वेगळे लावले. काहींना हे खटकतं, नुसतं बघायचे कसले पैसे म्हणून. मला ते पैसे सगळ्यात योग्य ठिकाणी गेलेले वाटतात. आधीच्या ठिकाणी पार्ट आणि सफाई मिळून याच्या कितीतरी पट गेले आणि गाडी तशीच अडखळत घरी आली. निदानाला दाम मिळाला तर मिस्त्रीला पार्ट विकून पोट भरावं लागत नाही.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दलही मी विचारलं, कारण हल्ली प्रत्येक बिघाड त्याच्या माथ्यावर मारला जातो. त्यांचं म्हणणं मला पटलं. ई-२० साठी घडवलेल्या नळ्या आणि सील नव्या गाड्यांत आहेत, २००४ च्या गाडीत नाहीत. त्यामुळे जुन्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला हाताने दाबून बघायच्या, चीर दिसली की बदलायच्या. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून फिल्टर लवकर बदलायचा. ते पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी ठेवायची नाही. हवेच्या मानाने इंधन कमी पडून मिश्रण थोडं पातळ होतं, त्यामुळे आधीच झिजलेल्या सेन्सरचा दोष जास्त उठून दिसतो. पण काट्याला जो खड्डा दिसला तो पेट्रोलने पाडलेला नव्हता.

आता उणीव सांगायला हवी. इथे घाई चालत नाही. मिस्त्री एकटे, हाताखाली एक मुलगा. काम करताना फोन उचलत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष जाऊनच वेळ ठरवावी लागते. पावसाळ्यात शेडच्या एका बाजूने पाणी येतं आणि तेवढ्या वेळात काम थांबतं. एसीचं काम करत नाहीत, डेंटिंग-पेंटिंग नाही, डिझेल गाडी घेत नाहीत. ऑटोमॅटिक गिअरची गाडी नेली तर दुसरीकडचा पत्ता देतात.

दुपारी एक ते साडेतीन बंद, रविवारी बंद. सकाळी नऊच्या आत गेलात तर गाडी त्याच दिवशी बघून होते. जाताना इंजिन थंड असलेलं बरं, कारण पहिली स्टार्ट त्यांना स्वतः ऐकायची असते. आधी कुठे काय बदललं त्याची बिलं सोबत न्या, ती ते खरंच वाचतात. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात जाऊ नका. सगळा तालुका गावी जायच्या आधी गाडी दाखवायला तिथे आलेला असतो.