बिघडवलेली फियाट: मूळ रूप की हॉट रॉड?

फोंड्याच्या मित्राने फियाट ११०० घेतली आहे. आधीच्या मालकाने तिच्यात डिझेल इंजिन कोंबलंय, छतही कापलंय. आता मूळ रूपात आणावी की हॉट रॉड (जोरदार इंजिन घालून, बॉडीत बदल करून घडवलेली जुनी गाडी) करावी, यात तो अडकलाय.

पहिला मुद्दा सांगाड्याचा. अमेरिकेत हॉट रॉडसाठी १९३२ ची फोर्ड आवडती, कारण तिला स्वतंत्र चासी (बॉडी आणि इंजिन पेलणारी खालची फ्रेम) आहे. बॉडी उतरवून हवं ते करता येतं. फियाटची बॉडी हीच चासी. छत कापलं की ती लवते: जॅक लावून दार उघडझाप करून बघा, कडी जागेवर बसणार नाही. हॉट रॉड करायची तर खालून नवी फ्रेम हवी, आणि जोरदार इंजिनाला जुने ड्रम ब्रेक पुरणार नाहीत. मूळ रूपासाठी भंगारातल्या फियाटचं छत जोडता येतं, मापं आयती मिळतात. खाऱ्या हवेने पुट्टीखाली सडलेला फ्लोअर मात्र दोन्ही पर्यायांत कापावाच लागेल.

खर्चाचा अंदाज मूळ रूपाचाच बांधता येतो. हॉट रॉडचा जवळपास प्रत्येक भाग घडवून घ्यायचा.

कागदपत्रांत फरक मोठा. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी लागते; नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. चासी-इंजिन बदललेली गाडी त्यात बसत नाही.

रॅलीत, प्रदर्शनात न्यायची असेल तर मूळ रूप. खाजगी आवारात ठेवायची, स्वतः वेल्डिंग करायची हौस असेल तरच हॉट रॉड. मित्राला मी पहिलंच सुचवलंय.